पुतळ्याची जागा

चौकातला बाक हलवला,
कारण तिथं पुतळा यायचा होता:
'उपेक्षित नागरिक', ब्राँझ, पावणेदोन मीटर.
ठराव मीच टाईप केला.

त्या बाकावर फेर्नां कुबियाक बसायचा,
कोळशाची खाण बंद पडल्यापासून सकाळी,
बस बंद पडल्यापासून दुपारीसुद्धा.
त्याचे दोन अर्ज माझ्या खणात आहेत.
दवाखान्यापर्यंतची बस पुन्हा सुरू करा.
दुसऱ्यात एवढंच, पहिल्याचं काय झालं?

अनावरणाला पॅरिसहून मंत्री आले.
"आम्ही तुम्हाला विसरलो नाही," म्हणाले,
पुतळ्याकडे बघत.
विरोधकांनीही टाळ्या वाजवल्या.
शिल्पकार म्हणाला, हात मुद्दाम रिकामे ठेवलेत.

फेर्नां मागे उभा, गुडघा धरून.
माझ्या कानाशी येऊन म्हणाला,
"कोण गं हा? आपल्या गल्लीतला वाटत नाही."

परवा पाहिलं तर
चौथऱ्याच्या कडेला बूड टेकून
तो निवांत बसलेला,
आणि पिशवी अडकवलेली ब्राँझच्या हाताला.
पाव, लीकची जुडी, औषधाची रिकामी बाटली.

'चौथऱ्यावर बसू नये' असा फलक हवाय.
मजकूर मलाच टाईप करायचाय.
आज चौथा दिवस,
प्रिंटरची शाई संपलीय
असं सांगतेय मी साहेबांना.