तुलनेसाठी तीन व्यवहार

पाथर्डी फाट्यावर, भर बाराच्या उन्हात,
तिसऱ्या मजल्यावरच्या रिकाम्या हॉलमध्ये
मी लाल ठिपका भिंतीवर टेकवते.
दहा फूट चार इंच.
बँकेच्या फॉर्मात गिलावा, फरशी, बांधकामाचं वय,
पाण्याची सोय : आहे किंवा नाही.
किती वाजता येतं, याला रकाना नाही.

घेणारा पंकज चौरे, मूळचा सुरगाण्याकडचा,
अंबडला व्हॉल्व्हच्या कारखान्यात सीएनसीवर.
माझ्यामागून खोली खोली हिंडतो,
भिंतींची तोंडी परीक्षा चालू असल्यासारखा.
त्याची बायको स्वयंपाकघराच्या खिडकीतून बोट दाखवते,
"तिकडं अजून द्राक्षं आहेत, मॅडम."
आहेत. एक एकर असेल.
तिन्ही बाजूंनी फक्कीच्या रेघा, प्लॉटचे आकडे.
मी लिहिते : परिसर विकसनशील.

"दर कसा काढता?"
सोपं असतं, मी म्हणते,
जवळपासचे तीन ताजे व्यवहार घ्यायचे,
मजला, रस्ता, वय पाहून थोडं खालीवर करायचं.
त्याला पटतं. मापाचा माणूस.
"आमच्याकडं दोन शतांश मिलिमीटरला माल परत येतो."
मग जिन्यात, हळूच,
"थोडं जास्त धरा ना, तेवढंच कर्ज बसेल."

त्याला सांगत नाही
की तिन्हींतले दोन व्यवहार माझ्याच हातचे,
एक गेल्या चैत्रातला, एक त्याआधीच्या श्रावणातला,
आणि तेव्हाही मी तीनच घेतले होते,
त्यातलाही एक
माझाच.
स्वतःच्या सावलीला फूटपट्टी लावत
मी ह्या शहरातून स्कूटीवर फिरते
आणि सावली दर खेपेला थोडी जास्त भरते.

तपोवनाकडं मात्र पट्टी चालत नाही.
दगूनाना मौल्यांची साडेचार एकर,
आरक्षण साधुग्रामाचं.
बारा वर्षांतून एकदा तिथं शहर उगवतं,
नळ, दिवे, तंबू, पोलीस चौकीसकट,
आणि दोनेक महिन्यांत गुंडाळलं जातं.
बाकी सगळा काळ गाजरगवत आणि पोरांचं क्रिकेट.
विकता येत नाही, बांधता येत नाही.
"देवाच्या भाड्याला वाढ नसते," नाना म्हणतात.
कुंपणापलीकडच्या टॉवरच्या जाहिरातीत
नानांचीच जमीन आहे, फोटोसकट :
*समोर कायम मोकळं.*
त्या मोकळ्याचे फुटामागं चारशे जास्त.
नानांना त्यातलं काही नाही.

संध्याकाळी सिडको, सहावी योजना.
मी भाड्यानं राहते, हे कुणाला खरं वाटत नाही.
सावकारे आप्पांना घर सोडतीत लागलं होतं,
सातपूरच्या पगारात हप्ते फेडून झाले,
वरचे दोन मजले मग हळूहळू चढले,
परवानगीचं मी विचारत नाही, ते सांगत नाहीत.
आज ते दारातच उभे.
"मागच्या गल्लीतलं निळ्या फाटकाचं
अठ्ठेचाळीसला गेलं म्हणे. बँकेनंच धरलं तेवढं.
तेव्हा पुढच्या महिन्यापासून दोन हजार
वाढवायला लागतील बघा, ताई."

निळं फाटक.
जिन्याखाली ओल होती, मी दीड टक्का कापला होता.
खाली सही, खाली गोल शिक्का.
"बरं, आप्पा," मी म्हणते.
दुसरं काय म्हणणार,
अहवालाला अपील असतं, पण ते बँकेकडं.

रात्री पंकज चौरेचा आकडा बसवते.
बेचाळीस लाख साठ हजार.
वरचे साठ मुद्दाम राहू देते,
गोल आकड्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.
मग काय वाटतं कोण जाणे, त्याला फोन लावते :
पाणी किती वाजता येतं तिथं?
तो दचकतो, काही चुकलं का विचारतो,
मग मागून तिचा आवाज,
शेजारणीला विचारून ठेवलंय तिनं :
पावणेसहा ते साडेसहा, शनिवारी नाही.

समासात लिहिते, पेन्सिलीनं.
स्कॅन करताना ते उमटत नाही.