रात्रपाळी

बोट्रोपमध्ये समुद्र बादलीतून येतो.
पंचवीस किलो पांढरी पूड,
तीनदा गाळलेलं नळाचं पाणी,
आणि बाह्या सारून ढवळत बसलेला लोथार,
अख्ख्या लग्नाचा स्वयंपाक अंगावर घेतल्यासारखा.

खाण बंद झाली त्या वर्षी बाकीच्यांनी
कबुतरं वाढवली, कोबी लावला.
हा पुन्हा खाली उतरला, तळघरात.
साडेचारशे लिटर. निळा दिवा. पंपांची घरघर.
वरून कितीही हाका मारा, ऐकू येत नाही.
ती जुनीच सवय.

टाकी भरली त्या दिवशी कळलं, घर कललंय.
एका टोकाला पाणी दोन बोटं वर.
चाळीस वर्षं भिंतींनी झाकून ठेवलेलं
पाण्याने एका दुपारी बोलून टाकलं.
"खालचा कोळसा आम्हीच काढला ना,"
लोथार म्हणाला, आणि गुडघे टेकून
टाकीच्या पायांखाली पाचरी ठोकत राहिला.

मग पोवळी आली, बटणाएवढी.
पट्ट्यापट्ट्यांची कोळंबी आली,
हात पाण्यात घातला की माझी नखं साफ करणारी.
शंखातले खेकडे त्याने मोजून आणले, अकरा,
आणि घर बदलायला वाटीभर जास्तीचे शंख.
शेवटी ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले दगड,
आणि दगडाच्या भोकात बसून, न सांगता,
एक केसाळ, काळ्या नांग्यांचा, लाल डोळ्यांचा.

महिन्याभरात अकराचे तीन झाले.

लोथारने कपाळाला जुना दिवा बांधला,
काचेवर लाल कागद.
लाल उजेड खेकड्याला दिसत नाही म्हणे.
तिरपा ग्लास, तळाशी कोळंबीचा तुकडा.
खेकडा यायचा, काठावर थांबायचा,
विचार करून परत जायचा.
"हा पाळीव नाही, उर्सेल. हा पाळीवर आहे."
आणि दोघं पहाटेपर्यंत एकमेकांची वाट बघायचे.

फेब्रुवारीत लोथारला दवाखान्यात ठेवलं. फुप्फुसं.
जाताना कागद देऊन गेला:
रोज दीड लिटर गोडं पाणी. मीठ घालू नकोस.
उडतं ते पाणी. मीठ कुठे जात नाही.

तिसऱ्या दिवशी खेकडा मेला.
वाळूवर उताणा, पायांसकट, नांग्यांसकट,
डोळ्यांच्या जागी डोळेसुद्धा.
खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.
फोन केला. तो हसला, मग खोकला,
मग बराच वेळ नुसता खोकलाच.
"उचलून बघ. हलका आहे?"
कांद्याच्या सालीसारखा.
"कात टाकलीय. कपडे आहेत ते.
आमचं न्हाणीघर आठवतं?
छताला साखळ्या, साखळ्यांना कपडे,
तीनशे माणसं माणसांशिवाय टांगलेली.
आणि माणसं खाली.
तो दगडात असेल. अंग मऊ असतं आत्ता.
त्याला घाबरवू नकोस."

मी. त्याला.

दिव्याचा पट्टा मला मोठा होतो, मागे गाठ मारली.
नऊ रात्री बसले.
शहराखालीही पंप चालू असतात, खाणीतलं पाणी उपसत.
थांबले तर आम्ही सगळे तळ्यात.
तळघरात बसलं की वाटतं, तेही ऐकू येतात.

दहाव्या पहाटे तो ग्लासात होता.
शेजारचा तायफुन म्हणाला, संडासात टाका, आजी.
त्याचा आजोबा लोथारच्याच पाळीतला.
मी ग्लास उजेडात धरला.
एक नांगी कधीतरी तुटलेली,
तिच्या जागी नवी, तान्ह्या बाळाच्या नखाएवढी.

मोठ्या टाकीच्या खाली एक छोटी असते,
काळोखी. फेस, गाळ,
वरच्यांचं सगळं तिथे उतरतं.
तिथे सोडला. लगेच कोपऱ्यात गेला,
ओळखीची जागा असल्यासारखा.

लोथारला अजून सांगितलेलं नाही.
भेटायची वेळ तीन ते पाच.
आज पाणी घालताना पाहिलं,
डावीकडे पुन्हा अर्धं बोट वर चढलंय.
उरलेल्या पाचरी कुठे ठेवल्यात
ते विचारायला हवं.