आतली खोली

मे महिना, भुसावळ.
कूलरच्या वाऱ्यात टेबलावर दोन जहाजं फडफडतायत.
एकावर शेवेचा डबा ठेवलाय,
दुसऱ्यावर यांचा चष्मा.

चष्म्याखालचं मोठं. अकरा मजली, सोळा लिफ्टा,
जेवायला चौदा ठिकाणं, पोहायला छतावर तलाव,
म्हणजे पाण्यावर पाणी.
शेवेखालचं लहान आणि जरा जुनं,
रंग दिलेला फोटोतही कळतो.

जळगावच्या ट्रॅव्हलवाल्या पोरानं
दोघांचे पैसे सारखेच सांगितले
आणि सुटायची वाटच बंद केली.
एखादं स्वस्त असतं तर प्रश्न नव्हता;
आमच्या घरात आजवर सगळं स्वस्तानंच ठरवलं.

हे केबिनमधले. छत्तीस वर्षं
एक दांडा ओढला की नागपूरची नागपूरला,
दुसरा ओढला की इटारसीची इटारसीला.
एकदाही चुकले नाहीत.
आणि तीन दिवस झाले, दोन कागदांपुढे
निळी पेन्सिल घेऊन बसलेत.
कॅलेंडरच्या पाठीवर रकाने पाडले.
मोठ्याचं वजन काढलं मालगाड्यांत:
'बावीस रेक, भरलेले! आणि तरंगतं!'
असं म्हणाले, जसं काही त्यांनीच सोडलंय पाण्यात.

मग मी वाचलं बारीक अक्षरातलं.
मोठ्यात आपल्या पैशात आतली खोली.
आतली म्हणजे?
आतली म्हणजे खिडकी नाही.
भिंतीवर टीव्ही आहे, त्यात समुद्र दाखवतात.

'काय करायचीय खिडकी,' हे म्हणाले,
'आपण खोलीत थोडंच बसणार आहोत?'

मी बिबड्यांचं पीठ हाटत होते.
चाटू थांबवला नाही, पीठ खाली लागतं.
म्हटलं, क्वार्टरच्या स्वयंपाकघराला खिडकी नव्हती.
एकोणतीस वर्षं.
फोडणीचा धूर तुमच्या शर्टांतून बाहेर जायचा.
गाडी कुठली गेली ते मला भांड्यांवरून कळायचं,
मालगाडीला ताटं वाजायची,
पॅसेंजरला नुसते चमचे.
दिसली एकही नाही.

हे काही बोलले नाहीत.
पेन्सिल कानावर ठेवून कूलरमध्ये पाणी टाकायला गेले.
सकाळीच टाकलं होतं.

तसं माझंही पक्कं कुठे आहे?
लहान जहाज हलतं म्हणतात.
मला रावेरच्या बसमध्ये लिंबू लागतं.
इंदुमती फिरके सांगत होत्या, त्यांचा भाचा
तीन दिवस बादली धरून बसला,
समुद्र विचारला तर म्हणे निळ्या रंगाची होती. बादली.
हर्षाली पुण्याहून म्हणते, आई, मोठंच घे,
फोटो चांगले येतात.
तिला कोण सांगणार की फोटोत
आम्ही दोघं कुठेही उभे केलो तरी
स्टेशनवर कुणाला घ्यायला आल्यासारखे दिसतो.

संध्याकाळी गच्चीत बिबडे उलटले.
एक बाजू कडक, एक अजून ओली.
जहाजाचा विषय कुणीच काढला नाही.

रात्री दोनच्या सुमाराला कुठलीशी गाडी गेली.
नवं घर रुळांपासून लांब, भांडी वाजत नाहीत,
तरी दोघंही जागे होतो.
अंधारात हे म्हणाले,
'ती गोल खिडकी, उघडते का गं?'
'नसेल. पाणी येईल ना आत.'
बराच वेळ पंखाच फिरला.
'मग रात्री काय दिसणार तिच्यातून? काळंच.'
'दिसू दे काळं,' मी म्हटलं.

हे कुशीवर वळले.
मग झोपेत की जागेपणी, देव जाणे,
यांचा उजवा हात हवेत वर गेला,
मूठ वळली,
आणि काहीतरी जड धरून सावकाश मागे आली.
पांघरूण ओढलं म्हणावं,
तर मे महिन्यात भुसावळला
पांघरूण घेतं कोण?