फुली

कागद बाबांनी घडी घालून टोपीत ठेवला होता.
जानेवारी सदुसष्ट, कोम्बाही नदीचा काठ,
बांध फुटून भाताच्या खाचरांत शिरलेलं खारं पाणी
अजून ओसरायचं होतं.
सैन्याने झाडांना गुंडाळलेले रेल्वेचे रूळ
माणसं उलगडत होती, तापवून, ठोकून.
देश जोडतायत, आई म्हणाली.
बाबा म्हणाले, एकदा पिळलेलं लोखंड
सरळ होतं, पण वाजतं वेगळं.

शाळा भाताच्या रिकाम्या कोठारात.
उंदीर होते, फळा नव्हता;
मिस अल्माइरा दारावर कोळशाने लिहायची.
दिवसा आम्ही पोरं, रात्री सत्तरीची बायना,
पुस्तक नाकाला लावून.
मी चौथ्या धड्यावर होते.

त्या रात्री बाबांनी टोपी उपडी केली.
"टेमर, वाच."
मी बोट ठेवत गेले, शब्दाशब्दाला ठेचकाळत.
पिकाचा तिसरा हिस्सा. हे सांगितलं होतं, बाबा म्हणाले.
अवजार मोडलं तर भरपाई. हेही.
मग एक लांब ओळ, जी मालकाने वाचून दाखवताना
बहुधा खोकल्यात गिळली:
परवानगीशिवाय मळा सोडायचा नाही,
परवानगीशिवाय पाहुणा ठेवायचा नाही,
उत्तर द्यायचं ते अदबीने.

खाली मालकाची शेपटीदार सही
आणि बाबांची फुली,
एकमेकींवर पडलेल्या दोन काटक्या.

"पुन्हा वाच."
आईचं भांडं घासणं थांबलं नाही, फक्त हळू झालं.
"परवानगी कुठे लिहिलंय? बोट ठेव."
माझ्या बोटाशेजारी त्यांनी आपलं ठेवलं, नख फुटलेलं,
आणि त्या शब्दावरून असं फिरवलं
जसं लिलावात कुणी त्यांच्या दातांवरून फिरवलं असेल.

पहाटे ते ब्यूफर्टला निघाले, चालत,
सुटल्या गुलामांसाठी सरकारने उघडलेल्या कचेरीत.
कुणाला विचारलं नाही.
चार दिवसांनी आले, बूट हातात.
दोन ओळी खोडल्या होत्या.
अदब तशीच होती.

मी म्हटलं, आता तुमचं नाव लिहायला शिकवते,
पुढच्या वेळी फुली नको.
"नाव मला माहीत आहे," ते म्हणाले,
"आधी तो शब्द शिकव.
पुन्हा कुठे दबा धरून बसला
तर लांबून ओळखता यायला हवा."

आमच्या दारावर मग कोळसा संपेपर्यंत
एकच शब्द, वरपासून खालपर्यंत,
आणि प्रत्येकावर, हात बसल्यावर,
एक ठसठशीत फुली.