कूलरवाल्याने सुचवलेली पुस्तकं

एप्रिलात पारा त्रेचाळीसला टेकला की
हेडाऊ यायचे. गोळीबार चौकातून, सायकलवर,
कॅरिअरला खसच्या ताट्या, हँडलला पिशवी,
पिशवीत पाना, पक्कड, फ्लोट,
आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुस्तक.
आधी पंप उघडायचे. मग जुनं खस उपसता उपसता, पाठमोरेच:
"काय वाचून राहिल्या, मॅडम?"

मी म्हणायचे, प्रवासवर्णन. किंवा कुणाचं तरी आत्मचरित्र.
ते जाळीवरचा क्षार खरवडत राहायचे.
"बरं हाये. पण उन्हाळ्यात कामाचं नाई."

कामाचं म्हणजे काळं.
पहिलं आणलं ते एका शहराचं, जिथं सूर्य मावळायचं विसरतो.
अकरा वर्षं दुपार.
लोक रात्र विकत घेतात, अर्ध्या लिटरच्या बाटलीत, सील तपासून.
भेसळ निघते.
बाळासाठी आणलेल्या बाटलीत एका बाईला पहाट सापडते,
आणि ती दुकानदाराच्या दारात बसते.
नव्वद पानं बसते.

धंतोलीतल्या माझ्या खोलीत खिडक्यांना चादरी लावून
मी ते वाचलं. बाहेर रस्ता पांढराफटक,
नालीच्या पुलाखाली कुत्री, आणि एक रिकामा ऑटो
ज्याच्या सीटवर हात ठेवता येणार नाही असा.
"आपल्या इथं उजेडानं माणसं मरतात," हेडाऊ म्हणाले होते,
"खिशात कांदा ठेवता ना? तसं हे."

पुढच्या वर्षी दोन बहिणी.
आईच्या साड्या वाटून घेतात, बस्स.
भूत नाही, खून नाही.
एक हिरवं लुगडं दोघीही घेत नाहीत,
का ते शेवटपर्यंत लिहिलेलं नाही.
चाळिसाव्या पानावर मी उठले
आणि आतल्या कपाटाची कडी बघून आले.

"भ्यायल्या?"
"नाही."
"मंग नीट वाचलं नाई."

माझ्याकडून एकच गेलं त्यांच्याकडे.
कोळशाच्या खाणीत खणत खणत गेलेल्यांना
तळाशी आपलंच गाव सापडतं,
दिवे लागलेले, पंगत बसलेली,
आणि पंगतीत आपण.
वर्षाने परत आलं. पान सत्तरवर ग्रीसचा अंगठा.
"दोनदा वाचलं. बायको म्हणे, रात्री उठून
ताटं काऊन मोजता?"

शेवट मात्र कधी सांगायचे नाहीत.
एकदा फारच मागे लागले, तर म्हणाले,
"वायसर बदलला. आता पाणी सांडणार नाई."

यंदा मुलगा आला. मोटरसायकलवर.
खस नको म्हणाला, हनीकोंब लावा, चार वर्षं बघायला नको.
मी विचारलं, बाबा?
"साखर डोळ्यात उतरली. मेडिकलला दाखवलं.
उजेड हाये का अंधार, तेवढं कळते."
मग डिकीतून पुडकं काढलं, जरा संकोचून,
दुसऱ्याच्या घरचा डबा परत करावा तसं.
दोनशे अकराव्या पानात खसची काडी.
"म्हणे, पुढचं मॅडमले विचार."

कोणतं पुस्तक, काय आहे त्यात, ते नाही सांगत.
त्यांचीच शिस्त.
दुपारी दोनला फोन लावते, स्पीकरवर ठेवते,
चादरी ओढलेल्या, खोलीत नव्या हनीकोंबचा कागदी वास.
दोनशे अकरा, वरून तिसरी ओळ.
तिकडे ते श्वाससुद्धा जपून घेतात.
वाचायची सवय नाही मला मोठ्याने,
शाळेत भूगोल शिकवला, तो निराळा आवाज.

काल एक माणूस दारापर्यंत पोचला.
कडीला हात लावला. आतून कुणीतरी
त्याच्याच आवाजात विचारलं, कोण आहे.
"थांबा," हेडाऊ म्हणाले.
मी थांबले. वाटलं, भ्यायले एकदाचे.

"पंप कोरडा चालून राहिला, मॅडम.
ऐकू येते मले. आधी टाकीत पाणी सोडा.
मंग त्याले दार उघडू द्या."