बाह्य परीक्षकाचा शेरा

विद्यार्थिनी ऊर्वी फणसे. पानं एकशे बारा.
बाइंडिंग रावपुऱ्यातलं, डिंक अजून ओला,
उलटताना बोटांना लागत होता.

विषय: सहा वर्षांच्या मुलाची भीती,
एका जुन्या मनोविश्लेषणाची फेरतपासणी.
मुलाला नुसतं 'म' म्हटलंय.
म कालाघोड्यापाशी आला की डोळे मिटायचा,
स्कूटरवर मागे वळून
बाबांच्या शर्टात तोंड खुपसायचा,
म्हणायचा, घोडा उतरेल.
वर बसलेल्या महाराजांबद्दल त्याची काही तक्रार नव्हती.

आणि तिथून चार पावलांवर पूल,
पुलाखाली विश्वामित्री, काठावर खऱ्या मगरी,
जबडे उघडे टाकून ऊन खात पडलेल्या.
त्या तो मोजायचा.
"आज चार. पाचवी कुठे गेली?"

डॉक्टर मुलाला वर्षात दोनदा भेटले.
बाकी सगळं बाबांनी लिहून पाठवलेलं.
बँकेत कॅशियर, अक्षर लेजरमधल्यासारखं सरळ,
दर रविवारी एक आंतर्देशीय.
"मी विचारलं, घोडा कुणासारखा दिसतो?
म गप्प.
मी विचारलं, माझ्यासारखा?
म म्हणाला, हो."
त्या 'हो'खाली डॉक्टरांनी दोन रेघा मारल्या
आणि तेवढ्यावर सिद्धांत उभा केला, आयाळ-शेपटीसकट.

शिकवत होते तेव्हा मी फळ्यावर लिहायची:
एका मुलावरून सगळ्या मुलांबद्दल बोलू नये.
प्रश्नातच उत्तर शिजवून वाढू नये.
जे खोटं ठरूच शकत नाही, त्याला खरं म्हणायची घाई करू नये.
ऊर्वीनं तिन्ही लिहिलंय. नीट, संदर्भांसकट.
गुण कापायला जागा नाही.

पण परिशिष्ट तीन, पत्र सतरावं.
म मध्येच म्हणतो,
"बाबा, तुमचा चष्मा तिथेच पडला ना?"
पुढे बाबांचा एकच शब्द: विषयांतर.

बस. चष्मा पुन्हा कुठल्याच पत्रात नाही.
डॉक्टरांच्या टिपणात येतो तो 'दृष्टी' होऊन,
मग 'पाहण्याची मनाई', मग पितृभय.
काच कशी फुटली, कुणी विचारलं नाही.

रात्रभर मला दिसत राहिलं:
कालाघोडा, तिन्हीसांजा,
स्कूटर कुणाच्या तरी मोटारीला घासलेली,
दार उघडून उतरलेला माणूस,
"देखातुं नथी?"
आणि एक कानफटात.
बाबा वाकून डांबरावर हात फिरवताहेत,
मूल स्कूटरच्या पुढच्या फळीवर उभं,
आणि वर, सगळं बघून, जागचा न हललेला घोडा.

पुरावा? नाही.
एक वाक्य आहे फक्त. आणि मीही
डॉक्टरांनी केलं तेच केलं.
त्यांनी एका 'हो'वर, मी एका 'ना'वर
मोटारीसकट माणूस उभा केला.

तरी तो रविवारचा हात मनातून जात नाही.
सगळं लिहिलं त्यानं,
मुलाचं ओलं अंथरूणसुद्धा.
एक गाल तेवढा राहिला असेल.

तोंडी परीक्षेत ऊर्वीला विचारलं,
"या मुलाला काय विचारायला हवं होतं?"
तिनं पाण्याच्या बाटलीचं झाकण
दोनदा उघडलं, दोनदा लावलं.
"मुलाला नाही, मॅम. त्याच्या आईला.
बावन्न पत्रांत ती एकदाही बोलत नाही."

हे मी पाहिलंच नव्हतं.
माझ्या रात्रीच्या त्या चौकातही आई कुठे नव्हती.
संध्याकाळी कुणीतरी घरी दार उघडलं असणार,
बिनचष्म्याचा चेहरा पाहिला असणार,
गालाकडे बघून पाणी आणलं असणार,
की नसेल? बघा, पुन्हा सुरू झाले मी.

शेरा लिहिला: प्रबंध स्वीकारावा.
परतताना रिक्षा पुलावर थांबवली.
रिक्षावाला म्हणाला, बेन, अहीं ऊभा न रहेवाय.
म्हटलं, एकच मिनिट.
दोन दिसल्या.
तिसरा बहुतेक ओंडका होता.