भाव

समुद्राकडे पाठ करून उभी आमची ओळ:
केबाब, चष्मेवाला, बंद पडलेली बँक, आणि मी.
मी म्हणजे काचेआडची नोरीन गास्कार्थ,
थॉर्नस्टेथमधल्या शेवटच्या सट्ट्याच्या दुकानात.
घोडे, कुत्रे, फुटबॉल,
आणि या महिन्यात पोटनिवडणूक.

खासदाराने राजीनामा दिला तेव्हा
घोड्यांच्या तक्त्याखाली मी पाच नावं चिकटवली.
पाचवा उमेदवार खेकड्याचा पोशाख घालून हिंडतो,
त्याचा भाव एकास पाचशे.
गंमत म्हणून त्याच्यावर दोन पौंड लावणारे
बाहेर पडताना घसा खाकरतात,
काहीतरी गंभीर बोलून आल्यासारखे.

लंडनहून एक वार्ताहर आली, मऊ बुटांची.
इथल्या लोकांचं मत काय, म्हणाली.
मी म्हटलं, मत फुकट असतं बाई,
पैसे पडायला लागले की त्याची पैज होते.
तिने ते लिहून घेतलं.
छापला खेकडा.

मग सर्वेक्षणाचा फोन. मुलगा दमलेला,
माझं वय विचारताना जांभई गिळलेली ऐकू आली.
मी म्हणाले, सांगता येत नाही.
रविवारच्या पेपरात आम्ही होतो:
दोन जाड पट्ट्यांच्या मधली
करड्या रंगाची बारीक फाक, आठ टक्के.
त्या फाकेत माझी बहीण आहे की नाही, कोण जाणे.
सार्वमतापासून आमचं बोलणं तुटलंय,
आईला पुरलं त्या दिवशीसुद्धा
सॉसेज रोलची ताटली पुढे सरकवण्यापुरतंच.

आणि विल्फ ऑर्मरॉड.
एकेचाळीस वर्षं एकाच पक्षाची पत्रकं
दारांच्या फटींतून आत सारतोय.
कुत्र्याने चावलेलं बोट मला दोनदा दाखवून झालंय.
आणि दर निवडणुकीला, न चुकता,
वीस पौंड आपल्याच पक्षाच्या विरुद्ध.
"हरलो, तर रात्रीच्या मासळीचे पैसे सुटले.
जिंकलो, तर वीस पौंड ओवाळून टाकले."

यंदा आला. तक्त्यासमोर उभा राहिला,
टोपी ओली.
आमची ती बोटभर पेन्सिल उचलली
आणि परत ठेवली.
"का रे, जिंकणार वाटतं?"
"तसं नाही, नोरीन.
हरलो तर वाईट वाटेल, याचीच आता खात्री नाही.
जळालं तरी चालेल अशा घराचा
विमा कोण उतरवतं?"
मग तीन वीसच्या शर्यतीत
एका लंगडणाऱ्या कुत्रीवर पौंडभर लावून
तो शर्यत न बघताच गेला.

त्या दुपारी वरून नवे भाव आले.
कुणीतरी कुठेतरी मोठी रक्कम लावली होती.
टीव्हीवर त्याचा अर्थ सांगायला चौघे बसले.
विल्फच्या न लावलेल्या वीस पौंडांनी
पारडं केसभरही हललं नाही.
बातमी तीच होती, असं मला वाटतं.
पण मला कोण विचारतंय? मी आठ टक्क्यांतली.

गुरुवारी रात्री दहाला दहा कमी असताना
मी मतदानाला गेले. केंद्र लॉंड्रीत,
यंत्रांच्या काचा अजून कोमट.
आडोशाला दोरीने बांधलेली
तशीच बोटभर पेन्सिल.
फुली मारली. कागद पेटीत टाकला
आणि सवयीने उभी राहिले, हात पुढे करून,
पावतीसाठी.
टेबलामागची बाई म्हणाली, "झालं तुमचं."

मोजणी बॅडमिंटनच्या कोर्टावर, पहाटे चारपर्यंत, दोनदा.
विल्फचा पक्ष, तेवीस मतांनी.
खेकड्याला दोनशे सहा.

शनिवारी विल्फ आला, टोपी कोरडी.
"वाचले तुझे वीस पौंड," मी म्हणाले.
त्याने मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही.
"ती लंगडी कुत्री," तो म्हणाला,
"आज काय भाव आहे तिचा?"